पंखा चालू आहे, पण धूर जातो का?

आपल्या मेसमध्ये लाल मिरचीची फोडणी पडली की काय होतं, हे हॉस्टेलवरच्या कुणालाही वेगळं सांगायची गरज नाही. पहिला ठसका मेसच्या काकांना लागतो, दुसरा पोळ्या लाटणाऱ्या मावशींना, आणि अर्ध्या मिनिटात ताट घेऊन लाइनीत उभी असलेली सगळी जनता खोकायला लागते. गंमत म्हणजे त्याच वेळी भिंतीत वर एक भला मोठा एक्झॉस्ट फॅन गरगर फिरत असतो. दोन वर्षं मी हे बघत होते आणि सगळ्यांबरोबर खोकत होते. पण "फॅन चालू आहे, मग ठसका का लागतो?" हा साधा प्रश्न मेकॅनिकलची विद्यार्थिनी असूनही मला कधी पडला नाही.

तो प्रश्न पडला थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये. आमच्या चार जणांच्या ग्रुपला गाइड सरांनी विषय दिला : वर्कशॉपच्या वेल्डिंग शॉपमधल्या धूर ओढणाऱ्या यंत्रणेची तपासणी. खरं सांगते, ऐकून आमचे चेहरे पडले. बाकीचे ग्रुप रोबो बनवत होते, सोलर कुकर बनवत होते, आणि आमच्या नशिबी धुराडं! पण सेमिस्टर संपेपर्यंत या धुराड्याने जे शिकवलं ते एकाही पेपरने शिकवलं नाही. ते सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

भिंतीतला पंखा आणि नाकाजवळचा हूड

कारखान्यात घातक धूळ, धूर किंवा वाफ तयार होत असेल तर पहिला विचार ती तयारच होऊ नये याचा करायचा. म्हणजे पदार्थ बदला, पद्धत बदला, नाहीतर काम बंदिस्त करा. ते जमलं नाही तर ती जिथे तयार होते तिथेच पकडून बाहेर न्यायची. याला लोकल एक्झॉस्ट व्हेंटिलेशन म्हणतात. मी इथे नुसतं 'लोकल एक्झॉस्ट' म्हणेन. नाकावरचा मास्क हा सगळ्यात शेवटचा उपाय, आपल्याकडे मात्र तो बऱ्याचदा पहिला असतो.

मेसचा भिंतीतला पंखा हा लोकल एक्झॉस्ट नव्हे. तो खोलीतली सगळी हवा हळूहळू बदलतो. कढईतून निघालेला ठसका त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी काकांच्या नाकावरूनच जातो. लोकल एक्झॉस्टमध्ये याच्या उलट असायला हवं. धूर नाकापर्यंत यायच्या आत हूडमध्ये शिरला पाहिजे.

लोकल एक्झॉस्टचे भाग पाच. धूर पकडणारा हूड, तो वाहून नेणारा डक्ट, हवा गाळणारा फिल्टर, ओढणारा पंखा आणि बाहेर सोडणारी चिमणी. या पाचांपैकी एक जरी बिघडला तरी पंखा फिरतच राहतो, आवाज येतच राहतो आणि लाल दिवा लागलेलाच राहतो. म्हणून या यंत्रणेची चाचणी म्हणजे "बटण दाबलं, चालू झालं" एवढं असून चालत नाही.

मेणबत्तीचा प्रयोग

आज रात्री रूमवर हा प्रयोग करून बघा. मेणबत्ती पेटवा आणि हात लांब करून धरा. आता फुंकर मारा. ती सहज विझते. पुन्हा पेटवा आणि तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवा. चेहरा लाल होईल, पण ज्योत हलणारसुद्धा नाही.

कारण असं. फुंकलेली हवा एका दिशेने झोतासारखी जाते. नळीच्या व्यासाच्या ३० पट लांब गेली तरी तिच्यात मूळ वेगाचा साधारण दहावा हिस्सा शिल्लक असतो. ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी येते. त्यामुळे नळीच्या तोंडापासून फक्त एका व्यासाच्या अंतरावर वेग जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतो. तीस व्यास कुठे आणि एक व्यास कुठे!

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डॅलाव्हॅले या संशोधकाने हे सूत्रात बसवलं. साध्या उघड्या तोंडाच्या हूडसाठी ते असं आहे :

हवेचा प्रवाह = वेग × (१० × अंतर² + तोंडाचं क्षेत्रफळ)

इथे वेग म्हणजे हूडच्या समोर, त्या अंतरावर मिळणारा वेग. तोंडाच्या व्यासाच्या दीडपट अंतरापर्यंत हे सूत्र बऱ्यापैकी चालतं. यात अंतराचा वर्ग आहे हे नीट बघा, सगळी मेख तिथेच आहे.

आमच्या वेल्डिंग बूथचे आकडे घालून बघू. डक्टचा व्यास १५० मिमी आणि हूडचं तोंड २०० मिमी. डक्टमध्ये हवा सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर प्रवाह होतो सेकंदाला ०.१७७ घनमीटर. हूड वेल्डपासून १५ सेंमी वर ठेवला तर वेल्डपाशी वेग मिळतो ०.६९ मीटर. हाच हूड ३० सेंमीवर नेला तर मिळतो फक्त ०.१९ मीटर. अंतर दुप्पट झालं आणि वेग पावपटीच्या जवळ आला. वेल्डिंगच्या धुरासाठी साधारण ०.५ ते १ मीटर वेग लागतो असं पुस्तकं सांगतात. ०.१९ मीटरचा वेग म्हणजे कुणी शेजारून चालत गेलं किंवा कोपऱ्यात पेडेस्टल फॅन लावला तरी धूर हूडला टाटा करून निघून जाणार.

वेल्डिंग शॉपचे काका

आम्ही पहिल्या दिवशी शॉपमध्ये गेलो तेव्हा वेल्डिंगचे काका एका फर्स्ट इयरच्या बॅचला लॅप जॉइंट दाखवत होते. धूर सरळ वर त्यांच्या तोंडाकडे जात होता. हूडचा लवचीक हात खाली घसरतो म्हणून तो वरच्या अँगलला बाइंडिंग वायरने बांधून ठेवला होता. वेल्डपासून त्याचं अंतर दोन फूट तरी असेल.

"काका, हा धूर ओढत नाही का हो?" मी विचारलं.

"ओढतो की! चिमणीला हात लावून बघा, हवा येतेय बाहेर."

आम्ही मागे जाऊन हात लावला. खरंच येत होती. काकांनी डबा उघडून आम्हाला गुळाचा खडा दिला. "हे खात जा पोरांनो. गुळाने छातीतलं सगळं साफ होतं." धुळीच्या आणि धुराच्या ठिकाणी काम करणाऱ्या अनेक लोकांची ही श्रद्धा आहे. गूळ गोड होता, आम्ही खाल्ला. पण तो जातो अन्ननलिकेतून पोटात, आणि धूर जातो श्वासनलिकेतून फुप्फुसात. वेल्डिंगच्या धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. इतके बारीक कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत, ते थेट खोल जाऊन बसतात.

आपण फर्स्ट इयरला आठवड्यातून दोन-तीन तास तिथे असतो, तेही रुमाल बांधून, अर्धा वेळ बाहेर उभं राहून. काका तिथे रोज असतात. त्यांच्या खोकल्याला आम्ही सगळे इतके सरावलो होतो की तो शॉपच्या आवाजाचाच एक भाग वाटायचा.

आणि हा नुसता खोकल्याचा प्रश्न नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केला की जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला. माणसाला कॅन्सर होतो असा पुरेसा पुरावा ज्याच्या बाबतीत मिळाला आहे, त्याचा हा गट. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने जाहीर केलं की साध्या माइल्ड स्टीलच्या वेल्डिंगलासुद्धा खोलीतलं सर्वसाधारण वायुवीजन पुरेसं नाही, आतमध्ये काम असेल तर लोकल एक्झॉस्ट हवाच.

फाइल आणि रंगलेलं बूच

सरांनी आम्हाला यंत्रणेची फाइल मिळवून दिली. पहिल्या पानावर यंत्रणा बसवली तेव्हाची चाचणी होती. डक्टवर एक बिंदू दाखवला होता. तिथे व्हेलॉसिटी प्रेशर ६० पास्कल, वेग सेकंदाला १० मीटर. पुढे पाच वर्षांची पाच पानं. प्रत्येक पानावर ६० पास्कल, १० मीटर, आणि शेरा : 'समाधानकारक'. बाहेरच्या माणसाची सही आणि शिक्का.

आम्ही खूश झालो. प्रोजेक्ट संपल्यातच जमा होता! एक रीडिंग घ्यायचं, ६० आलं की रिपोर्ट छापायचा.

रीडिंग घ्यायला डक्टवरचं भोक शोधलं. त्यावर एक बूच होतं. बुचावर, आणि बुचाच्या कडेवरून डक्टवर, निळ्या ऑइलपेंटचा अखंड थर. दोघांनी पाना लावला तेव्हा कुठे ते कर्रकन फिरलं. रंगाचा पापुद्रा खाली पडला आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. वर्कशॉपला रंग देऊन तीन वर्षं झाली होती. मग मधल्या तीन वर्षांची तीन रीडिंग्ज कुठून घेतली?

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, कारण ही कला आम्हालाही येते. सिनिअरचं जर्नल समोर ठेवायचं आणि रीडिंग्ज उतरवायची. ड्रॉइंगच्या शीटचं काचेवर जीटी मारायचं. पहिलं रीडिंग जुळलं नाही तर उत्तराकडून मागे येत ते 'सेट' करायचं. मीसुद्धा सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सचे दोन प्रयोग असेच 'केले' होते. टर्मवर्कचे मार्क मिळाले, कुणाचं काही बिघडलं नाही. इथे मात्र त्याच कलेच्या पलीकडे काकांची छाती होती.

मोजलं तेव्हा

पिटो ट्यूब आपण सगळ्यांनी प्रॅक्टिकलला बघितली आहे. तिचं एक तोंड वाऱ्याच्या समोर धरायचं, कडेची भोकं स्थिर दाब घेतात, आणि दोन्हीतला फरक म्हणजे व्हेलॉसिटी प्रेशर. साध्या हवेसाठी वेग काढायचं सूत्र सोपं आहे :

वेग = १.२९ × √(व्हेलॉसिटी प्रेशर)

दाब पास्कलमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये. ६० चं वर्गमूळ ७.७५, गुणिले १.२९, म्हणजे बरोबर १०.

एक लक्षात ठेवा. डक्टच्या मध्यभागी एकच रीडिंग घेऊन भागत नाही. भिंतीलगत हवा हळू जाते आणि मध्ये जोरात, म्हणून काटकोनातल्या दोन व्यासांवर ठरलेल्या बिंदूंवर रीडिंग्ज घेऊन सरासरी काढावी लागते. सरासरी वेगाची काढायची, दाबाची नाही, कारण मध्ये वर्गमूळ आहे. आमच्यातल्या एकाने दाबाची सरासरी काढली आणि सरांचं बोलणं खाल्लं. बेंडच्या किंवा पंख्याच्या अगदी जवळही मोजायचं नाही, तिथे हवा घुसळलेली असते.

आम्ही सगळं करून काढलेला वेग आला सेकंदाला ५ मीटर. म्हणजे १५ पास्कल. आम्हाला वाटलं मॅनोमीटर खराब आहे. दुसरा आणला. पुन्हा १५.

दाब चौथा हिस्सा झाला म्हणजे हवा निम्मी झाली. आता वरच्या सूत्रात घाला. निम्मी हवा, हूड १५ सेंमीवर : वेल्डपाशी वेग ०.३४ मीटर. हूड ३० सेंमीवर : जेमतेम ०.१. आणि काकांचा हूड तर दोन फुटांवर बांधलेला. शिवाय डक्टमध्ये धूर खाली न बसता वाहून जायला साधारण १० मीटरचा वेग लागतो. ५ मीटरने तो आत साचत जाणार, आणि साचला की वाट आणखी अरुंद.

मग कारण शोधायला लागलो. फिल्टर काढून बघितला, ठीक होता. डक्ट ठोकून बघितला, थोडी धूळ निघाली पण इतकी नाही. जॉइंटवर उदबत्ती धरून गळती शोधली, किरकोळ. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही डोकं धरून बसलो होतो तेव्हा काका सहज म्हणाले, "त्याचं मोटर वाइंडिंग करून आणल्यापासून आवाज जरा वेगळाच येतो बघा."

"कधी केलं वाइंडिंग?"

"झालं की दीड वर्ष."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही, पोरी."

आम्ही पंख्याजवळ गेलो. हाउसिंगवरची धूळ पुसली, खाली बाणाची खूण निघाली. वायरमनला बोलावून स्विच बंद करायला लावला आणि पंखा थांबत असताना शाफ्ट कुठे फिरतो ते बघितलं. पंखा बाणाच्या उलट फिरत होता! मोटर परत बसवताना थ्री-फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती.

इथे कुणीही म्हणेल, उलटा फिरला तर हवा उलटी यायला पाहिजे. भिंतीतल्या प्रोपेलर पंख्याचं तसंच होतं. सेंट्रिफ्युगल पंख्याचं नाही. त्यात हवा मधून शिरते आणि परिघाकडे फेकली जाते, मग चाक कुठेही फिरो. उलट फिरला तरी चिमणीतून हवा बाहेरच येते, फक्त खूप कमी येते. म्हणून हात लावून बघणाऱ्याला दीड वर्ष "चालू आहे" असंच वाटत राहिलं. आम्हालाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

वायरमनने दोन वायरी बदलल्या. काम पाच मिनिटांचं. पुन्हा मोजलं : ५६ पास्कल, म्हणजे ९.७ मीटर.

मग चाचणी म्हणजे नेमकं काय?

सरांनी आमच्या रिपोर्टवर 'टेस्ट सर्टिफिकेट' हे शब्द लिहू दिले नाहीत. "तुम्ही शिकलात, पण अजून सक्षम नाही," असं स्पष्ट सांगितलं. ते ऐकून थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी वाचायला दिलेलं साहित्य बघितल्यावर पटलं.

ब्रिटनमध्ये घातक पदार्थांच्या नियंत्रणाचे २००२ चे नियम आहेत, त्यांना थोडक्यात 'कॉश' म्हणतात. त्यांच्याप्रमाणे लोकल एक्झॉस्टची सखोल तपासणी आणि चाचणी जास्तीत जास्त १४ महिन्यांत एकदा व्हायलाच हवी, आणि नोंदी किमान ५ वर्षं जपायला हव्यात. काही कामांना याहून कडक मुदत आहे. धातूच्या कास्टिंगचं ब्लास्टिंग असेल तर दर महिन्याला. आठवड्यात १२ तासांपेक्षा जास्त धातूचं ग्राइंडिंग किंवा पॉलिशिंग असेल तर दर ६ महिन्यांनी. चाचणी करणाऱ्यांसाठी ब्रिटिश ऑक्युपेशनल हायजीन सोसायटीचा पी-६०१ नावाचा वेगळा अभ्यासक्रमसुद्धा आहे. हूड नापास झाला तर त्यावर लाल लेबल लावायचं, म्हणजे काम करणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं.

तिथली पद्धत तीन पायऱ्यांची आहे, आणि ती कुठल्याही वर्कशॉपला लागू पडते.

पहिली पायरी : डोळ्यांनी बघा. हूड फाटला आहे का, डक्टला पोचा किंवा भोक आहे का, फिल्टर भरला आहे का, पंखा बाणाच्या दिशेने फिरतो का, हूड जिथे हवा तिथे आहे का. आम्ही ही पायरी ओलांडून थेट पिटो ट्यूबवर उडी मारली आणि दोन दिवस घालवले.

दुसरी पायरी : मोजा आणि पहिल्या दिवसाशी ताडून बघा. यंत्रणा बसवली तेव्हा ती नीट पकडत होती याची खात्री करून घेतलेली रीडिंग्ज म्हणजे तिची जन्मपत्रिका. ती नसेल तर आजचं १५ चांगलं की वाईट, हे कळणारच नाही.

तिसरी पायरी : धूर खरंच पकडला जातो का ते काम चालू असताना बघा. यासाठी धुराची नळी वापरतात, आणि डस्ट लॅम्प नावाचा तीव्र झोताचा दिवा. गावाकडे कौलातून कवडसा पडला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात, एरवी दिसत नाहीत. डस्ट लॅम्प म्हणजे माणसाने केलेला कवडसा. बारीक कण प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून दिवा धुराच्या पलीकडे ठेवायचा, डोळ्यांवर थेट येणारा झोत आडोशाने झाकायचा आणि दिव्याच्या दिशेने बघायचं. धूर हूडऐवजी नाकाकडे जात असेल तर लख्ख दिसतं.

यापुढे खात्री हवी असेल तर माणसाच्या कॉलरला फिल्टर लावून छोट्या पंपाने त्याच्या श्वासाजवळची हवा ओढायची. समजा मिनिटाला २ लिटर हवा ४ तास ओढली, म्हणजे ४८० लिटर, ०.४८ घनमीटर. फिल्टरचं वजन १.२ मिलिग्रॅमने वाढलं, तर त्या माणसाने घनमीटरला २.५ मिलिग्रॅम धूर असलेल्या हवेत श्वास घेतला. डक्टमधला वेग यंत्राबद्दल सांगतो, हा फिल्टर माणसाबद्दल सांगतो.

सक्षम माणूस म्हणजे नुसतं उपकरण वापरता येणारा नव्हे. रीडिंग किती यायला हवं हे त्याला माहीत असतं, ते नाही आलं तर का ते शोधता येतं, तिथल्या पदार्थाने शरीराचं काय होतं ते कळतं, रोज काम करणाऱ्याला तो प्रश्न विचारतो, आणि गरज पडली तर 'नापास' लिहायची त्याची तयारी असते. शेवटचा गुण कुठल्याच उपकरणात येत नाही.

आपल्याकडेही ही कल्पना नवीन नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्येच लिहिलं होतं की धूळ किंवा धूर ओढणारं साधन तो जिथे तयार होतो त्याच्या शक्य तेवढं जवळ लावावं आणि ती जागा शक्य तेवढी बंदिस्त करावी. म्हणजे अंतराच्या वर्गाची गोष्ट कायद्याने आपल्या भाषेत सांगून ठेवली होती! आता त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

कागदावर असलेलं नियंत्रण आणि चालणारं नियंत्रण यात किती अंतर असू शकतं, ते या देशाने डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला बघितलं. तिथे वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता, पण त्याच्या पाइपचा तुकडा काढलेला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, पण ती बंद ठेवलेली होती. आमचा वेल्डिंग बूथ आणि भोपाळ यांची तुलनाच नाही, पण "आहे" आणि "चालतंय" हे दोन वेगळे शब्द आहेत, हे दोन्हीकडे सारखंच खरं.

शेवटी

आमच्या प्रोजेक्टनंतर वर्कशॉप सुपरिटेंडेंट सरांनी बाहेरून एका जाणकार माणसाकडून रीतसर चाचणी करून घेतली. तो आल्या आल्या काकांपाशी अर्धा तास बसला, उपकरण नंतर काढलं. हूडच्या हाताचे सांधे आवळून घेतले, बाइंडिंग वायर काढली. डक्टवर बुचाशेजारी आता तारीख आणि रीडिंग लिहायला पांढरी पट्टी आहे. आणि हूडला एक दोरी बांधून कंपासपेटीतली १५ सेंमीची प्लास्टिकची पट्टी लटकवली आहे. ती आमची कल्पना. प्रत्येक बॅचचं पहिलं काम म्हणजे ती पट्टी धरून हूड जागेवर आणायचा. निम्म्या ताकदीचा पंखा जवळ ठेवलेला हूड थोडातरी सांभाळून घेतो, पण पूर्ण ताकदीचा पंखा लांबच्या हूडला वाचवू शकत नाही. वरचे ०.३४ आणि ०.१९ हे दोन आकडे पुन्हा बघा म्हणजे पटेल.

काकांचा खोकला थांबला का? नाही. इतक्या वर्षांचं पाच मिनिटांत जात नाही. सरांनी त्यांना छातीच्या तपासणीला पाठवलं आहे. मध्ये गेले होते तेव्हा त्यांनी पुन्हा गूळ दिला आणि म्हणाले, "आता धूर त्याच्या वाटेने जातो बघ." त्या दिवशी पहिल्यांदा मला प्रोजेक्टचे मार्क किती पडले हे आठवलं नाही.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या प्लँटवर असतील. एक दिवस आपल्यासमोर असाच फॉर्म येईल, त्यावर मागच्या वर्षीचा आकडा असेल, शेजारी रिकामी चौकट असेल, आणि घरी जायची वेळ झाली असेल. हात आपोआप तोच आकडा लिहायला जाईल, कारण चार वर्षं आपण त्याला तीच सवय लावली आहे. तेव्हा ते रंगलेलं बूच आठवा, पाना आणा आणि ते उघडा.

जर्नलची रीडिंग्ज तरी या सेमिस्टरपासून स्वतः घ्यायला काय हरकत आहे? मी सुरुवात केली आहे. परवाच्या प्रॅक्टिकलला माझं रीडिंग चुकलं, पण ते माझं होतं. सरांनी 'रिपीट' असा शेरा मारलाय, येत्या शनिवारी पुन्हा घेणार आहे.